भिंत कोणती देता?

मोठ्या बाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी पाणी मागायच्या आणि पाणी पिऊन झालं की भिंत मागायच्या. "भिंत कोणती देता?" हे त्या इतक्या सहज विचारायच्या, की आपण नाही म्हणू शकतो हे समोरच्याला सुचायचंच नाही. तो गोंधळून ओसरीकडे बोट दाखवायचा. बाई त्या भिंतीवर तळहात फिरवायच्या, पोपडे निघतात का बघायच्या, ऊन कुठून येतं ते बघायच्या आणि पिशवीतून गेरूचा खडा काढायच्या. त्यानंतर त्या घराची सुटका नसे.

ताडकळसच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आत गेलं की आमच्या शाळेचं गाव लागतं. चौथीपर्यंतची शाळा आणि आम्ही दोघीच शिक्षिका. नावं लक्षात ठेवायचा त्रास पोरांनी घेतलाच नाही. त्या मोठ्या बाई आणि मी लहान बाई. उंचीने मी त्यांच्यापेक्षा वीतभर जास्त होते, तरी लहान मीच. मी मूळची सेलूची, नोकरी नवी, ताडकळसला खोली करून राहिलेली आणि वरून आलेला प्रत्येक हुकूम डोक्यावर घेऊन नाचणारी. मोठ्या बाईंची अर्धी जिंदगी याच तालुक्यातल्या शाळांमध्ये गेली होती. हुकूम आला की त्या तो एकदा वाचायच्या, "बरं" म्हणायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या.

त्या चुडाव्याहून यायच्या. स्वतःची गाडी नव्हती आणि एसटीच्या वेळेवर त्यांचा विश्वास नव्हता. साडीखाली लेकाचे जुने बूट, पुढच्या टोकाला चिंध्या कोंबलेले. रस्त्याच्या कडेला उभ्या राहायच्या आणि येणाऱ्या मोटारसायकलीला हात करायच्या. थांबणारा बहुतेक त्यांचाच जुना विद्यार्थी असायचा. मागे बसल्या की लगेच विचारायच्या, "काय रे, एका लिटरात किती जाते ही?" त्याने आकडा सांगितला की, "मग चुडाव्यापासून इथवर किती तेल जळलं, सांग." एकाला गाडी चालवता चालवता हिशेब जमेना, तेव्हा त्याने गाडी सरळ बाभळीखाली लावली आणि बोटं मोजत बसला. दोघंही त्या दिवशी उशिरा पोहोचले. बाई म्हणाल्या, "डोकं एका टायमाला एकच काम करतंय, एवढं तरी कळालं त्याला." त्यांना लांबून बघून शेतातल्या वाटेने गाडी घालणारे बापई मी स्वतः पाहिलेत, आणि त्यातले काही तर आता सासरे झालेले होते.

मग शाळांना कुलूप लागलं ते दिवस आले. आजाराच्या भीतीने सगळं बंद. वरून रोज मोबाइलवर लिंका यायच्या. त्या आम्ही पालकांना पाठवायच्या, पालकांनी लेकरांना दाखवायच्या आणि दर शनिवारी आम्ही ऑनलाइन अहवाल भरायचा, की किती लेकरांनी पाहिल्या. मी रोज सकाळी लिंका पाठवायचे. गावात मोबाइल होते, नाही असं नाही. पण ते बापांच्या खिशात बसून शेतात जायचे. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांची बॅटरी संपलेली असायची, आणि बापांचीही.

मोठ्या बाईंनी आठ-दहा दिवस हे पाहिलं आणि मग मला म्हणाल्या, "लेकराचा अभ्यास मी आता घेणारच न्हाई. घराचा घेते."

मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. तसं नव्हतं. त्यांनी खरोखरच घरांचं टाचण काढायला घेतलं. टाचण म्हणजे उद्या वर्गात काय आणि कसं शिकवायचं, याची आम्ही लिहून काढतो ती टिपणं. बी.एड., डी.एड. केलेल्या प्रत्येकाने ती लिहिलेली असतात आणि बहुतेकांनी गेल्या वर्षीचीच उतरवलेली असतात. बाईंच्या टाचणात वरती लेकराचं नाव नसायचं. घराचं असायचं. त्या घरात हाताशी काय आहे, मोठ्यांपैकी कोण कधी रिकामं असतं, आणि भिंत कशी आहे. एवढं कळल्याशिवाय त्या एक ओळ लिहीत नसत. त्यासाठी तोंडाला रुमाल बांधून एकेका अंगणात तास-तास उभ्या राहायच्या. लोकांना वाटायचं, बाई चौकशीला आल्यात. बाया घाईने भांडी आवरायच्या, आणि बाई ओरडायच्या, "अगं, ऱ्हाऊ दे ना पसारा! पसाऱ्यातच तर गणित हाय."

आणि खरंच असायचं. कौसाआजीच्या घरी वाकळ शिवणं चालू होतं. आजी सकाळी जेवण झालं की ओसरीवर पाय पसरून जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडत बसायच्या. त्यांची नात अंजली दुसरीत होती. बाईंनी त्या घराला गुणाकार लावला, भिंतीवर गेरूने लिहून. एका ओळीत तुकडे किती, ओळी किती, सगळ्या वाकळीला किती. ज्या घरची सगळी माणसं दिवसभर शेतात, तिथे पाठ संध्याकाळचा, शेंगा सोलताना, जोड्या लावायचा. रशीदमामूंची पिठाची गिरणी होती, तिथे अर्धा आणि पाव. एका घराला लावलेला पाठ दुसऱ्या घराला कधी लावला नाही. मी एकदा म्हटलं, "बाई, एकच पाठ सगळ्या भिंतींवर लिहिला तर किती वेळ वाचेल." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी सगळ्या गावाला एकाच मापाची चप्पल घ्या म्हणाले.

त्यांचा नियम एकच होता. मोठ्यांनी प्रश्न विचारायचा, उत्तर सांगायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्याकडच्या माणसाला यापेक्षा अवघड काही सांगता यायचं नाही. लेकरू बोटं मोजायला लागलं की आजोबांचे ओठ हलायला लागायचे. कौसाआजी तर अंजलीने तोंड उघडायच्या आत उत्तर सांगून मोकळ्या व्हायच्या. बाईंनी दोन-तीनदा समजावलं. मग म्हणाल्या, "कौसाबाई, तोंडात पाण्याचा घोट धरा. लेकरू सांगेस्तोवर गिळायचा न्हाई."

पुढे हे औषध सगळ्या गल्लीला लागू झालं. सकाळी गावातून गेलं की ओट्या-ओट्यावर म्हातारी माणसं गाल फुगवून बसलेली, डोळे मोठे केलेले, समोर लेकरू डोकं खाजवतंय. परगावच्या माणसाने पाहिलं असतं तर गावाला काय झालंय म्हणून परत फिरला असता. रशीदमामूंना घोट धरूनही राहवायचं नाही, मग ते हातवारे करून उत्तर सांगायचे. बाईंनी त्यांना हात मागे बांधून उभं राहायला लावलं. मामू गावातले मोठे मानी गृहस्थ. तरी बाई येताना दिसल्या की गिरणी बंद करून उभे राहायचे आणि मला हळूच विचारायचे, "मॅडम, आज क्या पूछनेवाले है बाई, कुछ मालूम?"

लिहिण्याचा पाठ मात्र सगळ्या घरांना एकच होता. त्यांचं म्हणणं असं, की 'माझा आवडता सण' असा विषय दिला की लेकरू पेन्सिल चावत बसतं, कारण त्याला त्यात सांगायचं काही नसतं. म्हणून त्यांनी विषय दिला, आज घरात कोण रुसलं आणि का? भिंतीचा खालचा पट्टा, लेकराचा हात पोहोचेल तेवढा, यासाठी राखून ठेवलेला. रोज तिथे गेरूने दोन ओळी लिहायच्या. 'का' लिहायचंच, त्याशिवाय ओळ धरली जायची नाही. मजा अशी, की जी लेकरं वर्गात एक शब्द लिहायची नाहीत, ती इथे भराभर लिहायला लागली. घरात कोण कशावरून रुसलं हे त्यांच्याएवढं कुणालाच माहीत नसतं.

आता ओसरीची भिंत म्हणजे रस्त्यावरून दिसणार. काय व्हायचं ते झालं. सरपंचांच्या भिंतीवर एका सकाळी त्यांच्या लेकीने लिहिलं, 'आज बाबा आजोबांवर रुसले. कारण आजोबांनी दुसऱ्या पार्टीच्या माणसाला घरात चहा पाजला.' दुपारपर्यंत सगळं गाव त्या घरावरून काही ना काही निमित्त काढून जाऊन आलं. सरपंच तरातरा शाळेत आले. आम्ही दोघी व्हरांड्यात पोषण आहाराच्या धान्याची पाकिटं मोजत होतो.

"बाई, ते आधी पुसा."

"चुकीचं हाय का त्यात काही?"

"चुकीचं न्हाई हो! खरं हाय म्हून तर म्हणायलोय!"

"मग मी कसं पुसू? मी चुकीचंच पुसते," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा पाकिटं मोजायला लागल्या. सरपंच चहा न घेता गेले. मी बाईंना विचारलं, तुम्हाला भीती वाटत नाही का, तर म्हणाल्या, "कारण किती छान लिहिलंय बघ ना पोरीनं."

आता त्या निवृत्त होऊन चुडाव्यालाच असतात. मी फोन केला की 'कशी आहेस' वगैरे नाही. "काय करायलीस? भाजी निवडायलीस? मग किती जुड्या आणल्या होत्यास?" असं सुरू होतं. मला त्या बाई फार आवडतात. त्यांच्याबरोबर काम करणं सोपं होतं असं मी म्हणणार नाही, पण त्यांच्या शेजारी बसून मी जे शिकले ते मला कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नाही.

तर त्या अहवालाचं सांगते. दर शनिवारी मी आकडे भरायचे. बाई 'लिंक पाहिलेले विद्यार्थी' या रकान्यात 'निरंक' लिहायच्या. म्हणजे शून्य. महिनोन्‌महिने निरंक. मी म्हणायचे, "बाई, निदान भिंतींचं तरी लिहा." त्या म्हणायच्या, "भिंतीचा रकानाच न्हाई त्यात." शेवटी व्हायचं ते झालं. तालुक्याहून कारणे दाखवा नोटीस आली. आपण इतके महिने अध्यापनाचे कोणतेच काम केले नाही असे दिसते, खुलासा करावा. बाईंनी खुलाशात एकच वाक्य लिहिलं, 'भिंती बघायला यावे.'

उत्तर फोनवर आलं. गटशिक्षणाधिकारी साहेब सोमवारी येतील. काम दिसलं तर ठीक, नाहीतर शाळा उघडेपर्यंत बाईंची प्रतिनियुक्ती तालुक्याच्या कार्यालयात, तिथे बसून सगळ्या शाळांचे अहवाल एकत्र करायचे.

त्या दिवशी बाई पहिल्यांदा माझ्याशी मनातलं बोलल्या. शाळेच्या पायरीवर बसल्या होत्या. "कार्यालयात पंखा हाय, खुर्ची हाय, मला काय वाईट हाय तिथं?" त्या म्हणाल्या. "पण ही दुसरीची लेकरं बघ. पहिलीत आली, अक्षरं धरायच्या आत शाळा बंद झाली. आता कुठं धरायलेत. जत्रंत लेकराचा हात सुटला की कसं होतं, तसं होईल बघ. परत सापडंल का न्हाई, सांगता येत न्हाई." आणि मग नेहमीच्या आवाजात, "सोमवारी येताना खडे जास्तीचे आण."

शनिवारी आम्ही दोघी घरोघर जाऊन सांगून आलो. सोमवारी साहेब भिंती बघायला येणार आहेत. सगळ्यांनी घरी थांबा. बाईंनी अगदी स्पष्ट शब्दांत सांगितलं, मीही सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. "येऊ द्या की, बघू द्या की," म्हणाले. कौसाआजी म्हणाल्या, "बाई, तुमी काळजीच करू नका."

सोमवारी सकाळी मी ताडकळसहून गाडीने निघाले, बाई कुणाच्या तरी मागे बसून आल्या, आणि आम्ही दोघी वेशीतच थांबलो. गाव पांढरंशुभ्र दिसत होतं. दारांना आंब्याचे डहाळे, अंगणात सडा-रांगोळी, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक ओसरीला ताजा चुना. आमच्याकडे घट बसायच्या आधी घर सारवतात, रंगवतात, लेकीला बघायला पाहुणे येणार असले की भिंतींना हात मारतात. इथे तर साक्षात साहेब, आणि तेही खास भिंती बघायला! रविवारी सगळं गाव चुना कालवून कामाला लागलं होतं. रशीदमामूंनी तर गिरणीलाही आतून-बाहेरून हात मारला होता.

कौसाआजी ओट्यावर उभ्या होत्या, हाताला चुना लागलेला, चेहरा फुललेला. "बघा बाई! एक डाग ठिवला न्हाई!"

मला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. मी बाईंकडे पाहिलं. त्या हळूच ओट्यावर बसल्या. बुटांची नाडी सुटली होती, ती बांधायला वाकल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या. मग वर बघून म्हणाल्या, "चुना चांगला बसलाय, कौसाबाई." एवढ्या वर्षांत त्यांना कुणाचं मन मोडता आलं नाही, ते त्या दिवशी तरी कुठून येणार.

थोड्या वेळाने जीप आली. सरपंचांनी टोपी, टॉवेल, नारळ दिला. साहेब वाईट माणूस नव्हते. दमलेले दिसत होते, दिवसभरात अजून दोन-तीन गावं करायची होती. त्यांनी गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"बाई, भिंती बघायला या म्हणून तुम्हीच कळवलं होतं. काय बघू मी?"

"सगळं इथंच होतं, साहेब."

"सगळीकडे 'होतं'च ऐकतो आहे, बाई." ते चिडून बोलले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. "उद्यापासून कार्यालयात या. ऑर्डर तिथेच मिळेल."

कौसाआजींनी हे ऐकलं. त्यांनी सरपंचांना विचारलं, "बाईला कुठं न्यायलेत?" सरपंचांनी खाली मान घालून सांगितलं. आजींच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं. "म्हंजी... आमी चुना मारला म्हून?" आजी आत गेल्या. आम्हाला वाटलं, रडायला गेल्या. त्या पाण्याची घागर घेऊन बाहेर आल्या. "मीच झाकलं, मीच धुते," म्हणत त्यांनी भिंतीवर तांब्या भरभरून पाणी मारायला सुरुवात केली. सून मीरा, अंजलीची आई, त्यांना आवरायला धावली, "आत्या, साहेबांच्या अंगावर उडायलंय!" पण आजी कुणाला ऐकतात.

चुना कालचाच, एका हाताचा. पाण्याने तो आरपार दिसण्यासारखा झाला आणि त्याच्याखालून आधी गुलाबी, मग लाल असा गेरू वर यायला लागला. 'एका ओळीत आठ तुकडे. अशा सहा ओळी.' बाईंचं वळणदार अक्षर. आणि खालच्या पट्ट्यात अंजलीचं, वाकडंतिकडं.

साहेब पुढे झाले. चष्मा वर करून वाकले आणि वाचायला लागले. "आज आई आजीवर रुसली. कारण आजीने तिला माहेरी जाऊ दिले नाही. आई म्हणाली, मी आता..." ऊन भिंतीवर थेट पडलं होतं. त्यांच्या डोळ्यांदेखत भिंत वाळली आणि अक्षरं पांढऱ्यात बुडाली. साहेब तसेच वाकलेले. "आता काय? मी आता काय? अहो आजी, गेलं की! अजून एक तांब्या मारा."

मग गल्लीत जी धावाधाव झाली, ती मी जन्मभर विसरणार नाही. बाया घागरी घेऊन, पोरं डबडी घेऊन, मामू बादली घेऊन. साहेब पुढे सरकतील तसतशा भिंती भिजत होत्या, लाल होत होत्या आणि ते पुढे गेले की मागे पुन्हा पांढऱ्या होत होत्या. साहेबांचे बूट चिखलात, पँट गुडघ्यापर्यंत ओली. शेंगांच्या जोड्या त्यांनी वाचल्या, मामूंचा पाव-अर्धा वाचला. गिरणीजवळ बाई एकदम म्हणाल्या, "थांबा साहेब, हे उत्तर चुकलंय लेकराचं. माझ्या नजरेतून सुटलं." मी त्यांचा पदर ओढला, पण त्या थांबतात कुठे. सरपंचांच्या घरापाशी मात्र गर्दी थबकली. चुन्याखाली काय लिहिलंय ते सगळ्यांना माहीत होतं. सरपंचांनी एकदा बाईंकडे बघितलं, एकदा साहेबांकडे, आणि बादली स्वतः उचलून भिंतीवर ओतली. साहेबांनी तेही वाचलं, पुरतं वाचलं.

परत जीपशी आलो. साहेबांनी रुमालाने चष्मा पुसला. इतक्या माणसांत त्यांची नजर मीराला शोधत होती. ती पदर तोंडाशी धरून आजींच्या मागे उभी होती. त्यांनी तिला काही विचारलं नाही. बाईंना हळूच विचारलं, "त्या पहिल्या घरात... बोलल्या का पुढे दोघी एकमेकींशी?"

"ते पुढच्या पाठात हाय, साहेब," बाई म्हणाल्या. "पण तो घ्यायला मला इथं ऱ्हावं लागंल."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "राहा." जीपमध्ये बसल्यावर काच खाली करून पुन्हा म्हणाले, "राहा, बाई. मी येऊन विचारीन."

जीप वळणावर गेली आणि मला रडू आवरेना. मोठ्या बाईंनी ओल्या पदराने आधी स्वतःचे डोळे पुसले, मग माझ्या पाठीत एक धपका घातला.

"रडायलीस काय गं? खडे काढ. सगळ्या गावाच्या भिंती परत लिहायच्यात."